विश्लेषण : पार्किन्सन्सच्या थकव्यावर ‘ताकदीच्या’ गोळ्यांचा उपयोग होतो का?

हाताचा कंप दिसतो; थकवा दिसत नाही. पार्किन्सन्स, म्हणजेच कंपवाताच्या सुमारे निम्म्या रुग्णांना थकव्याचा त्रास होतो. मग कुणी को-एन्झाइम क्यू-१० सुचवते, कुणी प्रोटीन पावडर, तर कुणी लोहाच्या गोळ्या. या सप्लिमेंटने खरेच ताकद येते का?

थकवा येतो कशामुळे?

थकवा हा आजाराचाच भाग असू शकतो. पण अनेकदा त्यामागे तुटक झोप, नैराश्य, उभे राहताच घसरणारा रक्तदाब, रक्तक्षय किंवा थायरॉइडचा बिघाड असतो. काहींना आधीच्या गोळीचा असर ओसरताना गळून गेल्यासारखे वाटते. यातील बहुतेक कारणांवर उपचार आहेत. ताकदीच्या डब्यामागे ते राहून जातात.

मोठ्या चाचण्यांत काय आढळले?

पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचे काम या आजारात बिघडते. त्यामुळे को-एन्झाइम क्यू-१० आणि क्रिएटिनकडून मोठी आशा होती. अमेरिका व कॅनडात ६०० रुग्णांवर झालेल्या क्यू-१० चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये, तर १,७४१ रुग्णांवरील क्रिएटिन चाचणीचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आजाराची वाढ मंदावते का, हे त्यांत तपासले होते. फायदा दिसत नसल्याने दोन्ही चाचण्या मुदतीआधीच थांबवाव्या लागल्या.

औषधाला काय आडवे येते?

लेव्होडोपा हे या आजाराचे मुख्य औषध. लोहाची गोळी सोबत घेतल्यास ते शरीरात कमी शोषले जाते. प्रथिनांतील अमिनो आम्ले आतड्यात आणि मेंदूत शिरताना लेव्होडोपाशी स्पर्धा करतात. त्यामुळे गोळीसोबतच प्रोटीन शेक घेतला, तर काही रुग्णांत गोळीचा असर उशिरा किंवा कमी जाणवतो. बी-६ जीवनसत्त्व दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास हातापायांना बधिरपणा येऊ शकतो.

आणि खाजकुहिली?

कवचबीज म्हणून विकल्या जाणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतो. म्हणजे ते निव्वळ ‘टॉनिक’ नाही. चालू गोळ्यांत त्याची भर पडली, तर मळमळ, भास, रक्तदाब घसरणे किंवा अंगाच्या अनैच्छिक हालचाली वाढू शकतात.

मग कोणतेच सप्लिमेंट नको?

तसे नाही. लेव्होडोपा दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते. तपासणीत कमतरता आढळली, तर ती भरून काढणे गरजेचे. पण कमतरता नसताना घेतलेली गोळी ताकद देईलच, असे नाही. भारतात अशा उत्पादनांच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे. ती ओळ जरूर वाचावी.

आधी काय करावे?

गोळीची, जेवणाची आणि थकवा येण्याची वेळ आठवडाभर वहीत लिहावी. हिमोग्लोबिन, थायरॉइड व बी-१२ तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. झेपेल तसा नियमित व्यायाम ठेवावा. घरातले सगळे डबे, चूर्णे आणि बाटल्या पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. नवे काही सुरू केले म्हणून लेव्होडोपा मात्र स्वतःहून कमी किंवा बंद करू नये. तो अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते.