मर्यादा काठावरच ठरावी

अक्षय्य तृतीयेला हस्तिनापूर येथे वर्षीतपाची पारणी होतात. पारण्याचा सोहळा आटोपला की बरोबर आलेल्या तरुण मंडळींना ऋषीकेश खुणावू लागते. चार मित्रांनी मिळून गंगेच्या उसळत्या पाण्यात राफ्टिंग करावे, असा बेत ठरतो आणि घरात दोन पक्ष पडतात. वडीलधारी मंडळी ‘नको’ म्हणतात, मुले ‘सगळेच जातात’ म्हणतात. या दोन उत्तरांच्या मध्ये विचाराला बरीच जागा आहे.

देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी यांचा संगम होऊन गंगा हे नाव सुरू होते. तेथून ऋषीकेशपर्यंत नदी अरुंद, खडकाळ दरीतून उतरते. जेथे उतार वाढतो आणि तळाशी मोठे खडक असतात, तेथे पाणी फेसाळते; यालाच रॅपिड म्हणतात. शिवपुरी ते ऋषीकेश हा सुमारे १६ किलोमीटरचा टप्पा नवख्यांच्या परिचयाचा आहे. ‘रोलर कोस्टर’, ‘गोल्फ कोर्स’ अशी तेथील रॅपिडांची नावे आहेत. त्याहून वर, ब्यासीजवळचा ‘द वॉल’ हा अधिक उग्र मानला जातो.

रॅपिडांची प्रतवारी एक ते सहा अशी केली जाते. पहिली प्रत म्हणजे साधी लाट, तर सहावी जवळजवळ अशक्य कोटीतील. परंतु ही प्रत कायमची नसते. उन्हाळ्यात हिमालयातील बर्फ वितळू लागले की पाणी चढते आणि कालचा सोपा टप्पा आज अवघड होतो. व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. एखाद्या पेढीची पत गतवर्षी उत्तम होती, एवढ्यावर यंदाची उधारी कोणी देत नाही.

पाण्याचे बळ आपल्या अंदाजापेक्षा फार वेगाने वाढते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून गुडघ्यावर आलेल्या वेगवान पाण्यातही माणूस उभा राहू शकत नाही. उभे राहण्याचा प्रयत्न केल्यास पाय खडकांच्या फटीत अडकतो आणि प्रवाह शरीराला पुढे दाबून पाण्याखाली नेतो. नावेतून पडणाऱ्याने पाठीवर उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवावेत आणि संथ पाण्याकडे सरकावे, असे शिकवले जाते ते याच कारणाने. फेसात हवा मिसळलेली असल्याने असे पाणी माणसाला नेहमीच्या पाण्याइतके तोलूनही धरत नाही. शिवाय बर्फाचे पाणी अंगावर येताच श्वास एकदम अडखळतो, त्यामुळे उत्तम पोहणाराही पहिल्या क्षणी गोंधळतो. तलावातील पोहण्याचा अनुभव येथे पुरेसा ठरत नाही. लाइफ जॅकेट आणि हेल्मेट यांना म्हणूनच पर्याय नाही.

राफ्टमध्ये मागे बसलेला मार्गदर्शक आज्ञा देतो आणि सर्वांची वल्ही एका लयीत चालतात. एकाने मनाप्रमाणे वल्हवले तर नाव आडवी होते आणि आडव्या नावेला लाट सहज उलटवते. एकट्याने वल्हवण्याच्या कयाकमध्ये जबाबदारी आणखी वाढते. म्हणून जाणते कयाकपटू एकटे जात नाहीत. अवघड वळणापूर्वी ते काठावर उतरतात, पुढचे पाणी डोळ्यांनी पाहतात आणि मन साशंक झाले तर कयाक खांद्यावर घेऊन तो टप्पा पायी ओलांडतात. यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

खरा धोका येथेच असतो. लाटेपेक्षाही मित्रांपुढे ‘आज नको’ म्हणण्याचा संकोच अनेकदा अधिक घातक ठरतो. एकाला भीती वाटत असते, परंतु बाकीचे हसतील म्हणून तो गप्प बसतो. ज्या मित्रमंडळात एकाच्या नकाराला सर्वांच्या होकाराइतका मान असतो, त्याच मंडळाने अशा नदीवर जावे.

श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती अंतर जायचे, याची मर्यादा घराबाहेर पडण्यापूर्वीच घालून घ्यावयाची असते, कारण मोह समोर आल्यावर घातलेली मर्यादा टिकत नाही. नदीवरही हाच न्याय लागू पडतो. कोणत्या प्रतीपर्यंत जायचे, पाणी किती चढले तर परतायचे, हे काठावरच ठरले पाहिजे. पावसाळ्यात, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, गंगेवरील राफ्टिंग बंद असते. चातुर्मासात साधु-साध्वींचा विहार थांबतो, तशी नदीवरची ही वाटही थांबते.

महाराष्ट्रात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालते. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील जलविद्युत केंद्रात वीज निर्माण करून या नदीत उतरते. ते पाणी सोडण्याच्या वेळेवर तेथील नौकाविहार अवलंबून असतो. घराजवळचा म्हणून हा प्रवाह हलका लेखू नये. नियम तेच आहेत.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी केवळ नकार देण्याऐवजी प्रश्न विचारावेत. मार्गदर्शकाकडे परवाना आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आहे काय? मदतीसाठी दुसरी नाव वा दोर घेतलेला माणूस बरोबर असेल काय? आज पाण्याची स्थिती कशी आहे? विम्याच्या पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले तर नाहीत ना? ज्या मुलाजवळ या प्रश्नांची उत्तरे आहेत, त्याने अर्धी तयारी केलेली असते.

पाणी हे अप्काय जीवांचे शरीर, ही आपली श्रद्धा. त्यामुळे काही घरे या क्रीडेपासून दूर राहतील आणि त्यांचा निर्णय आदरणीयच आहे. जे जातील त्यांनी जयणा सोडू नये. नदीत साबण, अन्न वा प्लॅस्टिक जाऊ देऊ नये, मद्यपान करणाऱ्या मंडळींच्या नावेत बसू नये आणि चौविहार असेल तर सूर्यास्तापूर्वी भोजन होईल असा परतीचा वेळ आखावा.

तीर्थंकर या शब्दातील तीर्थ म्हणजे पार उतरण्याचा घाट. आपली परंपरा पाण्याला घाबरा असे सांगत नाही. सावधपणे पार व्हा, असे सांगते. संध्याकाळी सर्व मित्र कोरडे कपडे घालून एका पंगतीला बसले, तर ती सहल यशस्वी झाली असे समजावे. एखादा रॅपिड त्या दिवशी राहून गेला असेल, तरीही.