कॅमेरा कुठे लावू?

दिल्लीत सिनेमाचा धंदा बेताचाच, पण पटकथा शिकू पाहणाऱ्यांना तोटा नाही. मंडी हाऊस मेट्रोतून वर आलं की जवळच १९५९ साली सुरू झालेलं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पलीकडे श्रीराम सेंटर आणि चहाच्या टपरीभोवती काखेत फायली धरलेली पोरं. ओखल्याला जामियाचं मास कम्युनिकेशन सेंटर, १९८२चं. दिग्दर्शिका किरण राव तिथलीच. नोएडाच्या फिल्म सिटीत खासगी वर्ग आहेत. पुण्याच्या एफटीआयआयनेही २०१७पासून आपले लघु अभ्यासक्रम बाहेरगावी नेले, त्यात दिल्ली आलीच.

कागदावरचे नियम एका दुपारीत कळतात. दृश्याच्या डोक्यावर आत की बाहेर, ठिकाण, दिवस की रात्र. खाली वर्तमानकाळात जे घडतंय ते. मधोमध पात्राचं नाव आणि त्याखाली संवाद. एक पान म्हणजे ढोबळमानाने एक मिनिट. तीन अंकांचा हिशेब सिड फील्डच्या १९७९च्या पुस्तकातून जगभर पोचला. वर्गात तो वेदवाक्यासारखा सांगतात तेव्हा मला गंमत वाटते. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण हे पाच संधी नाट्यशास्त्रात कधीचे मांडून ठेवलेत की!

खरी मेख पुढे आहे. अशाच एका वर्गात मी माझं पहिलं पान वाचलं होतं : ‘निवृत्तीनंतर जोशींना स्वतःच्या घरात परकं वाटू लागलं.’ सरांनी एवढंच विचारलं, “कॅमेरा कुठे लावू?” वर्ग हसला. आठवडाभर झटापट केल्यावर कागदावर उतरलं ते असं : सकाळचे आठ. इस्त्रीचा शर्ट घातलेले जोशी स्वयंपाकघरात येतात. ओट्यावर एकच डबा, नातवाचा. जोशी पेलाभर पाणी पितात आणि खोलीत परत जातात.

आपल्याला, मराठी माणसांना, असं न बोलता दाखवणं जड जातं. रक्तात नाटक, त्यामुळे पात्रं मनातलं सगळं बोलून मोकळी होतात. तेंडुलकर नाटककार असूनही यातून सुटले. ‘मंथन’च्या पटकथेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; पण मला विचाराल तर ‘आक्रोश’ (१९८०) पाहा. खुनाचा आरोप असलेला लहान्या भिकू वकिलापुढेही तोंड उघडत नाही. जवळजवळ सगळा सिनेमा तो गप्प, आणि त्या गप्प बसण्यावरच पटकथा उभी आहे. भूमिका ओम पुरीची, म्हणजे याच मंडी हाऊसच्या विद्यालयात शिकलेल्या नटाची.

दिल्लीचाच धडा गिरवायचा तर ‘खोसला का घोसला’ (२००६) घ्या. लेखक जयदीप साहनी, दिग्दर्शक करोलबागेत वाढलेले दिबाकर बॅनर्जी. खोसलाला हवा घरासाठी प्लॉट. तो बळकावून बसलाय खुराणा, आणि सोडायचे पैसे मागतो. हाव, भीती, बापलेकांतली तेढ हे सगळं त्या एका जमिनीच्या तुकड्याभोवती फिरतं. बॅनर्जींच्याच ‘ओय लकी! लकी ओय!’ची (२००८) पटकथा त्यांच्यासोबत ऊर्मी जुवेकर या मराठी लेखिकेने लिहिली. दिल्लीतल्या चोराची गोष्ट आणि लिहिणारी मराठी. ‘आपल्याला इथली भाषा कुठे येते’ म्हणून अडून बसणाऱ्यांनी हा सिनेमा जरूर पाहावा.

वर्गाची फी भरू का, असं मला बरेच जण विचारतात. भरा, शिस्त लागते. पण त्याआधी संध्याकाळी सहाला राजीव चौकात उभे राहा, एक भांडण नीट पाहा आणि एकही संवाद न वापरता ते पानभर लिहा. नाही जमलं तर उद्या पुन्हा जा. भांडणं तिथे रोज होतात.