सात नंबरच्या कोर्टात

सूडाच्या गोष्टीत नायक फौजी असला की लेखकाचं काम सोपं होतं. घरच्यांवर अन्याय होतो, पोलीस दाद देत नाहीत, मग निवृत्त जवान बंदूक उचलतो. मोरेना जिल्ह्यातला पानसिंग तोमर खराच तसा होता. सैन्यात सुभेदार, स्टीपलचेसमध्ये सात वेळा राष्ट्रीय विजेता, १९५८च्या टोकियो आशियाई स्पर्धेतला धावपटू. पुढे जमिनीच्या भांडणातून तो चंबळच्या बीहडात उतरला आणि १९८१मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी मेला.

नागपूरला मात्र सूडाचं काम कुण्या फौजीनं केलं नाही. ते केलं कस्तुरबा नगरातल्या बायकांनी.

जरीपटक्याजवळची ही बहुतांश दलितांची वस्ती. तिथे भरत ऊर्फ अक्कू यादवनं दहाएक वर्षं खंडणी, मारझोड आणि बलात्कार चालवले होते. तक्रारी होत नव्हत्या असं नाही. पण बाई ठाण्यात गेली की ती खबर अक्कूपर्यंत पोचते, अशी वस्तीची पक्की खात्री होती. तो आत जाई, जामिनावर सुटे आणि त्याच गल्लीत परत येई.

हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या उषा नारायणे पोलिसांकडे गेल्या, तेव्हा अक्कूच्या टोळक्यानं त्यांचं घर घेरलं. दार आतून लावून उषांनी गॅस सिलिंडर उघडला. आत याल तर काडी ओढीन, सगळेच जाऊ, असं बजावल्यावर टोळकं मागे हटलं. त्या दारावर भीती मोडली आणि वस्ती बाहेर पडली. ६ ऑगस्ट २००४ रोजी लोकांनी अक्कूचं घर उद्ध्वस्त केलं. पुढे तो पोलिसांच्या ताब्यात गेला. जिवाच्या भीतीनं स्वतःच गेला, असं म्हणतात.

१३ ऑगस्टला त्याला जिल्हा न्यायालयात आणलं. पुन्हा जामीन होणार, ही कुणकुण होतीच. दोनेकशे बायका भाजी चिरायच्या सुऱ्या आणि मिरचीपूड घेऊन सात नंबरच्या कोर्टात शिरल्या. पंधरा मिनिटांत अक्कूचा खेळ संपला. अंगावर सत्तरहून अधिक वार होते. पाच बायकांना धरलं, तर बाकीच्या म्हणू लागल्या, मग आम्हालाही धरा.

दंडसंहितेत स्वसंरक्षणाचा हक्क होता. बलात्काराच्या हल्ल्यात तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत. पण कलम ९९ सांगे, सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर तो हक्क नाही. वर्षानुवर्षं धाव घेऊनही कुणी दार उघडलं नाही तर काय, हे मात्र कलम सांगत नव्हतं. निवृत्त न्यायाधीश भाऊ वहाणे यांनी बायकांची बाजू उघडपणे घेतली, अनेक वकील पाठीशी उभे राहिले. मला त्या बायकांचा राग समजतो. पण कोठडीतल्या माणसाला न्यायाधीशाच्या दारात मारणं हे स्वसंरक्षण नव्हे, हेही म्हणावं लागतं.

पुढे तपास सीआयडीकडे गेला आणि उषा नारायणेंनाही अटक झाली. एकवीस आरोपींपैकी तीन खटला चालू असतानाच वारले. उरलेले अठरा नोव्हेंबर २०१४मध्ये पुराव्याअभावी सुटले. २०२१मध्ये या प्रकरणावर '२०० हल्ला हो' हा चित्रपट आला, पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सवर मालिका आली.

या गाजावाजात एक गोष्ट मागे पडली. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. अक्कूवरचे बलात्काराचे जे खटले निकालाविना पडून होते, ते त्या दुपारी कायमचे बंद झाले.