मोरीचें पाणी आणि विहिरीचा खर्च

घरीं विहीर असून पाणी विकत घ्यावें लागलें, तर गृहस्थास काय वाटेल? कॅलिफोर्नियांतील सॅन्टा मोनिका या शहरावर १९९६ सालीं हाच प्रसंग आला. पुरलेल्या टाक्यांतून झिरपलेल्या पेट्रोलमधील एक रसायन भूजलांत उतरलें व चार्नॉक येथील विहिरी बंद झाल्या. शहराचा सुमारें निम्मा पुरवठा त्यांवर होता. शुद्धीकरणाची सोय होऊन त्या पुन्हां चालू झाल्या, त्या चौदा वर्षांनीं, २०१० सालीं.

पुढें शहरानें सांडपाणी व पावसाचें पाणी अतिसूक्ष्म पडद्यांतून गाळून भूगर्भांत परत सोडण्याची योजना आंखली.

अशीं कामें खर्चाचीं असतात. २०१४ सालीं राज्यांतील मतदारांनीं जलकार्यांसाठीं सुमारें साडेसात अब्ज डॉलरांच्या कर्जास संमति दिली; त्यांपैकीं ७२ कोटि ५० लक्ष डॉलर पाण्याच्या पुनर्वापरासाठीं राखून ठेविले. मात्र निर्धन वस्त्या सोडल्यास, किमान निम्मा खर्च स्थानिक संस्थेनें सोसावा, अशी अट होती.

अनुदान म्हणजे दान नव्हे, तें असें. उरलेला भार अखेर नागरिकांवरच पडतो. तो जड वाटेल; पण मोरींतून वाहून जाणारें पाणी आपल्याच विहिरीचें आहे, हें उमगल्यावर तो अनाठायीं वाटणार नाहीं.