माझ्या मशीनवर तर चालतंय! : ओपन सोर्स प्रकल्प आणि कंटेनर

आजचा विषय आहे कंटेनर. डॉकर हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असेल. मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर त्यावर चालतात, हेही माहीत असेल. पण आज आपण सर्व्हरकडे जाणार नाही. तुमच्या-माझ्या लॅपटॉपवर एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाचं काम सुरू करायचं असेल, तर कंटेनरचा काय उपयोग होतो, एवढंच बघू.

आधी एक प्रश्न. ओपन सोर्स प्रकल्पाला हातभार लावायचा ठरवलं, तर सगळ्यात अवघड पायरी कोणती? पटकन उत्तर येतं, कोड समजून घेणं. पण बरेच जण कोडपर्यंत पोहोचतच नाहीत. ते त्याच्या आधीच अडकतात, म्हणजे तो प्रकल्प आपल्या मशीनवर चालू करताना. भाषेची आवृत्ती जुळत नाही, डेटाबेस सुरू होत नाही, एखादी लायब्ररी भलतीच त्रुटी दाखवते. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून शनिवारचे चार तास काढलेले असतात, ते यातच जातात. पुढच्या शनिवारी तो माणूस परत येत नाही. आणि तो येऊन गेला, हे प्रकल्पाला कळतसुद्धा नाही. म्हणून हा विषय फक्त सोयीचा नाही. आत कोण येऊ शकतं आणि कोण दारातूनच परत जातं, हे यावर ठरतं.

अडचण नेमकी कुठे आहे?

आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. मराठी विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्याचं नाव मीडियाविकी. ते पीएचपी भाषेत लिहिलेलं आहे आणि पूर्णपणे ओपन सोर्स आहे. तारखा किंवा संख्या मराठी विकिपीडियावर देवनागरी अंकांत दिसतात, त्यामागेही याच कोडमधली मराठीसाठीची एक छोटी फाइल आहे. समजा, मराठीच्या बाबतीत तुम्हाला काहीतरी खटकलं आणि ते दुरुस्त करावंसं वाटलं. बदल कदाचित दोन ओळींचा असेल. पण तो बरोबर झाला की नाही, हे बघायला अख्खी मीडियाविकी तुमच्या मशीनवर चालायला हवी. म्हणजे पीएचपी हवी, तीही ठरावीक आवृत्तीची आणि ठरावीक एक्स्टेन्शनांसह. वेब सर्व्हर हवा, डेटाबेस हवा, पीएचपीच्या लायब्रऱ्या आणणारं कंपोझर हवं.

त्यात तुमच्या लॅपटॉपवर ऑफिसच्या कामासाठी पीएचपीची दुसरीच आवृत्ती आधीपासून असेल, तर आणखी पंचाईत. एकाचं भलं करायला जावं, तर दुसरं बिघडतं. सूचना लिहिलेल्या असतात, पण लिहिणाऱ्याच्या मशीनवर जे आधीपासून होतं ते त्याने लिहिलेलंच नसतं, कारण ते त्याला दिसतच नाही. मग तो प्रामाणिकपणे म्हणतो, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ त्याचं खोटं नसतं. फरक मशीनमध्ये असतो आणि तो कुठेच नोंदलेला नसतो.

वाडा आणि बंगला

कंटेनर म्हणजे काय, हे समजायला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. वाड्यात पाच बिऱ्हाडं राहतात. प्रत्येकाचं दार वेगळं, स्वयंपाकघर वेगळं, सामान वेगळं. पण पाया, आड आणि दिंडीदरवाजा सगळ्यांचा एकच. कंटेनर असंच बिऱ्हाड आहे. पाया म्हणजे लिनक्सचं कर्नल, ते सगळ्यांत एकच असतं. बाकी फाइली, लायब्रऱ्या, चालू असलेले प्रोग्राम, नेटवर्क हे ज्याचं त्याला वेगळं दिसतं. हे वेगळेपण कर्नलमधल्या ‘नेमस्पेस’ नावाच्या सोयीमुळे मिळतं. कोणी किती मेमरी आणि किती प्रोसेसर वापरायचा, म्हणजे आडाचं पाणी कोणी किती उपसायचं, ते ‘सीग्रुप’ ठरवतात.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र बंगला. त्याचा पायाही वेगळा, म्हणजे कर्नलसकट अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी. वेगळेपण जास्त, पण जागा आणि वेळही जास्त. कंटेनर सेकंदाभरात सुरू होतो, कारण त्याला पाया खणायचा नसतो.

ही कल्पना एका दिवसात आलेली नाही. एखाद्या प्रोग्रामला फाइलींचा ठरावीक भागच दाखवायची युनिक्समधली ‘सीएचरूट’ ही सोय १९७९ च्या सुमाराची आहे. फ्रीबीएसडीमध्ये ‘जेल’ २००० साली आलं. सीग्रुप लिनक्स कर्नलमध्ये २००८ साली आले. डॉकर जगासमोर आलं ते २०१३ मध्ये. मग डॉकरने नवीन काय केलं? बिऱ्हाड कसं थाटायचं, त्याची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायची पद्धत लोकप्रिय केली. तीच डॉकरफाइल. त्या यादीवरून तयार होणाऱ्या साच्याला इमेज म्हणतात आणि ती इमेज कोणालाही देता येते.

आपल्या विषयासाठी कळीचा मुद्दा हाच आहे. जे ज्ञान जुन्या लोकांच्या डोक्यात आणि त्यांच्या मशीनवर होतं, ते फाइलीत उतरलं. फाइल कोडबरोबर राहते, तिच्यात बदल झाला तर इतिहास दिसतो, आणि ती चुकीची असेल तर कंटेनर चालतच नाही, त्यामुळे चूक लपून राहत नाही.

प्रत्यक्षात कसं चालतं?

पुन्हा मीडियाविकीकडे येऊ. तिच्या कोडमध्येच डॉकर कंपोजची फाइल दिलेली आहे. त्यात पीएचपीचा एक कंटेनर, वेब सर्व्हरचा दुसरा आणि मागे चालणारी कामं उरकणारा तिसरा, असे तीन कंटेनर मांडलेले आहेत. तुम्ही कोड उतरवून घ्यायचा, काही सेटिंग एका छोट्या फाइलीत लिहायच्या आणि ‘डॉकर कंपोज अप’ ही कमांड द्यायची. मग कंटेनरच्या आतच कंपोझर चालवून लायब्रऱ्या आणायच्या आणि दिलेली इन्स्टॉलची स्क्रिप्ट चालवायची. डेटाबेस म्हणून सुरुवातीला साधं एसक्यूलाइट पुरतं, वेगळा सर्व्हर लागत नाही. ब्राउझरमध्ये तुमच्याच मशीनचा ८०८० पोर्ट उघडलात की तुमची स्वतःची विकी समोर. सेटिंगमध्ये भाषा मराठी केलीत की अंकही देवनागरीत.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कोड कंटेनरमध्ये कोंडलेला नसतो. तो तुमच्याच फोल्डरमध्ये असतो आणि ते फोल्डर कंटेनरला जोडलेलं असतं. तुम्ही नेहमीच्या एडिटरमध्ये ओळ बदलायची, पान रिफ्रेश करायचं, बदल दिसतो. काम झाल्यावर कंटेनर काढून टाकले तरी तुमचा कोड जागेवर, आणि ऑफिसच्या पीएचपीला धक्काही लागलेला नाही.

काही प्रकल्प याच्या पुढे जातात. ‘डेव्हकंटेनर’ नावाच्या पद्धतीत कोणता कंटेनर, एडिटरची कोणती एक्स्टेन्शनं आणि कोणते पोर्ट हवेत, हे एका जेसन फाइलीत लिहिलेलं असतं. व्हीएस कोडसारखा एडिटर ती वाचून सगळी तयारी करतो. लिनक्सवर टूलबॉक्स आणि डिस्ट्रोबॉक्स ही साधनंही आहेत. त्यांत तुमचं होम फोल्डर आतून तसंच दिसतं, म्हणून रोजच्या कामाला ती सोयीची पडतात.

झाकलेली बाजू

आता जरा दुसरी बाजू. कंटेनर हलका असतो, हे लिनक्सवर खरं. विंडोज आणि मॅकवर लिनक्सचं कर्नल नसतं, म्हणून तिथे आतून एक व्हर्च्युअल मशीन चालवावंच लागतं. म्हणजे वाड्यासाठी आधी बंगला बांधायचा. चार जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर त्याचा ताण जाणवतो. इमेज शेकडो एमबींची असू शकते. मोबाइलच्या डेटावर काम करणाऱ्याला हे आधी सांगायला हवं. प्रकल्प चालवणाऱ्यांनी छोटी बेस इमेज निवडली, तर तेवढीच मदत होते.

दुसरं, सुरक्षितता. भिंत सामाईक असली की आवाज पलीकडे जातो. लिनक्सवर ज्याला डॉकर ग्रुपमध्ये घातलं, त्याच्या हाती जवळजवळ रूटचे अधिकार येतात. म्हणून अनोळखी माणसाची इमेज डोळे झाकून चालवू नका. पॉडमन हे पर्यायी साधन रूटशिवाय चालतं. इमेजचा साचा कसा असावा, यासाठी २०१५ पासून ओसीआय या नावाने खुलं मानक तयार झालं, त्यामुळे तीच इमेज दोन्हीकडे चालते. डॉकरचं इंजिन ओपन सोर्स आहे, पण डॉकर डेस्कटॉप नाही. त्याच्या अटी २०२१ मध्ये बदलल्या आणि मोठ्या कंपन्यांना पैसे भरणं बंधनकारक झालं. ऑफिसच्या मशीनवर टाकण्याआधी त्या वाचून घ्या.

तिसरं, ‘लेटेस्ट’ या खुणेवर विसंबू नका. आजची लेटेस्ट आणि सहा महिन्यांनंतरची लेटेस्ट वेगळी. फाइलीत आवृत्ती स्पष्ट लिहिली नाही, तर ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे दुखणं मागच्या दाराने परत येतं. आणि चौथं, लिनक्सवर कंटेनरने तयार केलेल्या फाइलींची मालकी कधी कधी रूटकडे जाते, मग त्या तुम्हालाच बदलता येत नाहीत. मीडियाविकीच्या सूचनांमध्ये म्हणूनच लिनक्सवाल्यांना आपला यूजर क्रमांक सेटिंगमध्ये लिहायला सांगितलं आहे.

मग तुम्ही काय कराल?

कंटेनरची फाइल लिहून ठेवली म्हणजे झालं, असं नाही. तिचीही देखभाल लागते. जुने लोक ती क्वचितच कोऱ्या मशीनवर चालवून बघतात, कारण त्यांचं सगळं आधीच मांडलेलं असतं. कोरं मशीन असतं नवख्याकडे. म्हणून पहिल्यांदा एखादा प्रकल्प चालू करताना कागद-पेन जवळ ठेवा. कुठे अडलं, कोणती पायरी लिहिलेली नव्हती, काय केल्यावर सुटलं, हे टिपून घ्या. मग सूचनांमध्ये किंवा डॉकरफाइलमध्ये ती दुरुस्ती सुचवा.

इंदूर असो, बंगळुरू असो की लातूर, तुमच्या मागून येणाऱ्याचा शनिवार त्यामुळे वाचतो. आणि खरं सांगायचं तर हे काही दुय्यम काम नाही. प्रकल्पातलं तुमचं पहिलं योगदान तेच असू शकतं, आणि ते करण्याची संधी फक्त नवीन असतानाच मिळते. तुमचे अनुभव जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.