उरलेल्या जागेचे वाटे

चांगल्या बांधणीचं एखादं बातम्यांचं पान संगणकावर उघडा आणि ब्राउझरची खिडकी कडेला धरून हळूहळू अरुंद करत जा. चार स्तंभांतल्या बातम्या आधी थोडं अंग चोरून घेतात. मग एका क्षणी चौथा स्तंभ गायब होतो, त्यातली बातमी खालच्या रांगेत जाऊन बसते आणि उरलेले तीन स्तंभ पुन्हा ऐसपैस होतात. आणखी अरुंद करा, दोनच उरतात. शेवटी एक. हे पान ज्याने रचलं त्याने तुमची खिडकी कधी पाहिलेली नाही. तरी त्याची मांडणी तिच्यात चपखल बसते!

वर्तमानपत्राचं पान लावणाऱ्याला कागदाची रुंदी आधीपासून ठाऊक असते. वेबवर ती ठाऊक नसते. मजकूर किती ओळींचा होईल, वाचणारा अक्षरं केवढी करून वाचेल, यातलंही काही हातात नसतं. हाकोन व्हियुम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये, सर्न या संशोधन संस्थेत काम करत असताना, सीएसएसचा, म्हणजे वेबपानाचं रूप आणि मांडणी सांगणाऱ्या भाषेचा, पहिला प्रस्ताव मांडला. त्यात लेखकाची इच्छा किती टक्के पाळायची आणि वाचकाची किती, हेही लिहिण्याची सोय होती. टक्केवारी पुढे गळाली, पण पानावर दोघांचा हक्क आहे हा विचार टिकला, आणि मला तो आजही फार मोठा वाटतो.

स्तंभांचं मात्र बराच काळ अडलेलं होतं. डिसेंबर १९९६ च्या पहिल्या सीएसएसमध्ये 'फ्लोट' होतं, पण त्याचं मूळ काम चित्र एका बाजूला सारून मजकूर त्याच्या कडेने वाहू देणं एवढंच. लोकांनी त्यावर अख्खी पानं उभारली. अडचण उंचीची होती: फ्लोट केलेली प्रत्येक चौकट आपल्या मजकुरापुरतीच उंच होते, त्यामुळे शेजारच्या लांबलचक लेखापुढे छोट्या स्तंभाचा रंग मध्येच तुटतो. डॅन सीडरहोम यांनी २००४ मध्ये यावर मांडलेला उपाय पाहून थक्क व्हायला होतं. स्तंभांच्या रंगांची एक चपटी पट्टी चित्र म्हणून बनवायची आणि ती मागच्या चौकटीत वरून खाली पुन्हा पुन्हा उमटवायची. स्तंभ तोकडाच राहतो, डोळ्याला तो पूर्ण दिसतो.

मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिघांच्या नव्या आवृत्त्यांत, एकाच महिन्यात, 'ग्रिड' आलं, म्हणजे पानावर रांगा आणि स्तंभांची जाळी आखण्याची सीएसएसमधली सोय. आता उंची जुळवण्यासाठी काहीच लिहावं लागत नाही. एका रांगेतल्या चौकटी आपोआप सारख्या उंच होतात.

ग्रिडमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे 'एफआर' हे एकक. समजा, स्तंभांसाठी '२०० पिक्सेल, २ एफआर, १ एफआर' असं लिहिलं. ब्राउझर वाटणीला बसलेल्या शहाण्या वडीलधाऱ्यासारखा आधी देणं चुकतं करतो आणि उरलेल्याचे वाटे पाडतो. ११०० पिक्सेल रुंदीतून २०० गेले, राहिले ९००. त्यातले ६०० मधल्याला, ३०० शेवटच्याला. रुंदी बदलली की वाटणी नव्याने होते, एकास दोन हे प्रमाण तेच राहतं. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा: मजकुरात न तुटणारा लांबलचक दुवा असला, तर तो स्तंभ आपल्या वाट्यापेक्षा जास्त जागा बळकावतो. तिथे 'मिनमॅक्स'मध्ये किमान रुंदी शून्य सांगावी लागते.

सुरुवातीच्या त्या पानामागे अशीच एक ओळ असू शकते: 'रिपीट' करा, 'ऑटो-फिट' होतील तितके स्तंभ, प्रत्येक किमान २५० पिक्सेल आणि कमाल १ एफआर. स्तंभांमधली फट २० पिक्सेल धरू. १२०० पिक्सेलच्या खिडकीत पाच स्तंभ मावत नाहीत, कारण त्यांना फटींसह १३३० लागतात. चार मावतात. तीन फटींचे ६० वजा केले की प्रत्येकाला २८५ मिळतात. ८०० पिक्सेलवर तीन स्तंभ, प्रत्येकी सुमारे २५३. फोनच्या ३६० पिक्सेलवर एकच, पूर्ण रुंदीचा. संख्या कुठेच सांगितलेली नाही! लेखकाने फक्त अट लिहिली, मोजणी दर वेळी ब्राउझरने केली. शिकणाऱ्याने ही बेरीज-वजाबाकी एकदा कागदावर करून बघावी. मग खिडकी ओढताना स्तंभ नेमका कुठे तुटणार हे आधीच सांगता येतं.

'ग्रिड-टेम्प्लेट-एरियाज' तर चित्र काढल्यासारखं आहे. पहिल्या ओळीत तीनदा 'मथळा', दुसरीत 'यादी लेख जाहिरात', तिसरीत तीनदा 'तळ' असं लिहायचं. कोडमध्ये शब्द जसे मांडले, तसं पान पडद्यावर उभं राहतं. ही नावं खरोखर देवनागरीतही देता येतात.

एक उणीव बरीच वर्षं राहिली होती. शेजारशेजारच्या तीन चौकटींत एकीचं शीर्षक एका ओळीचं आणि दुसरीचं तीन ओळींचं असलं, की खालचा मजकूर वेगवेगळ्या उंचीवर सुरू व्हायचा, कारण आतल्या चौकटीला बाहेरच्या ग्रिडच्या रेषा वापरता येत नव्हत्या. 'सबग्रिड'ने त्या खुल्या केल्या: फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०१९ ला, सफारीत २०२२ ला, क्रोममध्ये सप्टेंबर २०२३ ला. आता सर्वांत लांब शीर्षकाला जेवढी उंची लागेल तेवढी सगळ्यांना मिळते आणि तिन्ही मजकूर एकाच रेषेवर सुरू होतात.