जुनी व्हॅन आणि जंगलातली वाट : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

चंद्रपूर-गडचिरोलीत जुनी गाडी ही शोभेची वस्तू कधीच नव्हती. जिथे एसटी दिवसातून एकदा येते, तिथे आठवडी बाजार, दवाखाना, लग्नाची वरात हे सगळं काळी-पिवळी जीप, मॅटाडोर आणि ओम्नीनेच निभावून नेलं. त्यामुळे एमएच 33 किंवा एमएच 34 ची एखादी जुनी व्हॅन गॅरेजच्या मागे उभी दिसली, की ‘ही घेऊन, दुरुस्त करून, मागे गादी टाकून भामरागडपर्यंत जायचं’ असा विचार अनेकांच्या मनात येऊन जातो. विचार चांगला आहे. मात्र या गाड्यांबद्दल चहाच्या टपरीवर जे ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं अर्धवट असतं. काही समजुतींमुळे चांगली गाडी भंगारात जाते, तर काहींमुळे खराब गाडी गळ्यात पडते.

गैरसमज : पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात

असा सरसकट नियम महाराष्ट्रात नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. ती संपली की आरटीओकडून तपासणी करून घ्यायची, शुल्क भरायचं आणि पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 41 मध्येच ही तरतूद आहे, आणि गाडी तपासणीत उतरत राहिली तर पाच-पाच वर्षांनी ती पुन्हा पुन्हा वापरता येते.

गोंधळ दोन गोष्टींमुळे झाला. पहिली म्हणजे दिल्ली. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांमुळे बंधनं आली. त्या बातम्या गडचिरोलीत पोहोचल्या. त्या फक्त दिल्ली परिसरापुरत्या आहेत, हे मात्र पोहोचलं नाही. दुसरी गोष्ट सरकारी गाड्यांची. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून पुढे वाढत नाही. हा नियम सरकारी खात्यांना लागू आहे, खासगी मालकाला नाही.

जुनी गाडी ठेवणं महाग मात्र झालं आहे. मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 रुपयांवरून 5,000 रुपयांवर गेलं. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते 10,000 रुपये झालं. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. गाडी घेताना किमतीत हे आकडे धरले नाहीत, तर स्वस्तातला सौदा महागात पडतो.

गैरसमज : जुनी म्हणजे विंटेज, आणि विंटेज नंबर घेतला की सगळं सोपं

भारतीय नियमांत ‘विंटेज’ची व्याख्या नेमकी आहे. केंद्राने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, खासगी वापराची आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी किंवा मोटारच विंटेज ठरते. मारुतीची व्हॅन 1984 मध्ये बाजारात आली. म्हणजे सगळ्यात पहिली ओम्नीसुद्धा 2034 च्या आधी विंटेज होऊ शकत नाही. पुण्याच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोर वयात बसू शकतात, पण त्यांची अडचण वेगळी आहे. त्यातल्या बहुतेक व्यावसायिक वाहन म्हणून नोंदलेल्या होत्या.

वय आणि वर्ग दोन्ही जुळले, तर ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात आणि ती दहा वर्षं चालते. पण या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. व्यावसायिक वापर तर पूर्ण बंद. ज्याला गाडी सांभाळून दाखवायची आहे, त्याच्यासाठी ही सोय उत्तम. ज्याला आलापल्ली, सिरोंचा, भामरागड असं फिरायचं आहे, त्याने साधी नोंदणीच नूतनीकरण करून टिकवावी.

गैरसमज : गाडी आपली, आत काहीही बसवू

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 इथे आडवं येतं. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला स्वतःच्या मर्जीने करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. घडीची खाट, गादी, पाण्याचे कॅन, शेगडी हे सामान म्हणून न्यायला हरकत नाही. सीटा कायमच्या काढून खाट वेल्डिंगने पक्की केली, छत कापून उंच केलं किंवा दुसऱ्या जातीचं इंजिन बसवलं, की आरसीवरची माहिती आणि प्रत्यक्ष गाडी यांचा मेळ बसत नाही. मग अपघातानंतर विमा कंपनी बोट ठेवते ते नेमकं इथेच. रंग बदलला तरी त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते.

राहण्याच्या गाड्यांसाठी कायदेशीर वाट आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे, आणि महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. जुन्या ओम्नीत घरगुती गॅसचा सिलिंडर जोडून गाडी चालवण्याची युक्ती मात्र या वाटेवर कुठेच बसत नाही. तो गुन्हा आहे, शिवाय बंद गाडीत झोपणाऱ्याच्या जिवाशी खेळ.

गैरसमज : गाडीत राहून फिरणं ही परदेशी हौस

युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे व्हॅनने गोव्यात येणाऱ्या हिप्पींची आठवण अनेकांना आहे. 1979 मधल्या इराणच्या क्रांतीने आणि अफगाणिस्तानातल्या युद्धाने ती वाट बंद केली. पण चंद्रपूर जिल्ह्याला उदाहरणासाठी एवढ्या लांब जायची गरज नाही. वरोऱ्याच्या आनंदवनातून डिसेंबर 1985 मध्ये बाबा आमटे भारत जोडो अभियानासाठी कन्याकुमारीला गेले आणि तिथून काश्मीरकडे निघाले. सोबतची तरुण मुलंमुली सायकलवर होती. बाबांना मणक्याच्या विकाराने बसता येत नव्हतं, म्हणून त्यांचा प्रवास गाडीत आडवं पडून झाला. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा तो प्रवास हौसेचा नव्हता, गरजेचा होता. चाकांवरचा बिछाना या जिल्ह्याने असा आधीच पाहिला आहे.

गैरसमज : जुन्या गाडीचा पत्रा जाड, म्हणून ती सुरक्षित

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटांखाली आहे आणि समोर बॉनेट जवळजवळ नाहीच. समोरासमोर धडक झाली, तर चालकाचे पाय आणि समोरची गाडी यांच्यामध्ये फारसं काही उरत नाही. नव्या मोटारींमध्ये पुढचा भाग मुद्दाम चेपला जाईल असा बनवतात, म्हणजे धडकेचा जोर तिथे जिरतो. ओम्नीत तेवढी जागाच नाही. धडक चाचणीचे नवे नियम आले, तेव्हा कंपनीने 2019 मध्ये ती बंद केली.

पत्र्याचं दुसरं दुखणं गंजाचं. ओम्नीला वेगळा सांगाडा नसतो, बॉडीच सगळा भार उचलते. त्यामुळे दरवाजाखालची पट्टी, फरशी आणि सस्पेन्शन जोडलेल्या जागा गंजल्या, की गाडीची ताकदच जाते. डेंटर पुट्टी लावून वरून रंग मारतो, आणि गाडी चकाचक दिसते. तपासायला सोपा उपाय म्हणजे लोहचुंबक. पुट्टी जाड असेल तिथे तो धरत नाही. मग गाडी रॅम्पवर चढवून खालून बघावी, आणि हे काम विकणाऱ्याच्या मिस्त्रीने नव्हे, आपल्या मिस्त्रीने करावं.

टायरचंही तसंच. नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, असं होत नाही. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर झिजत नाही, पण वाळून तडकतं. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. वयस्कर टायरने मे महिन्यात गडचिरोली-सिरोंचा रस्ता गाठणं म्हणजे पंक्चरचं नव्हे, टायर फुटण्याचं निमंत्रण.

गैरसमज : जुन्या गाडीचे पार्ट मिळतच नाहीत

गाडीगणिक उत्तर वेगळं आहे. ओम्नी आणि मारुती 800 यांचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन एकाच घराण्यातलं. एवढ्या गाड्या विकल्या गेल्या, की पिस्टन-रिंग, क्लच प्लेट, वॉटर पंप हे तालुक्याच्या गावातही मागवून मिळतं. मॅटाडोरचं तसं नाही. तिचे पार्ट मुंबईतल्या कुर्ल्याच्या, दिल्लीतल्या मायापुरीच्या किंवा चेन्नईतल्या पुदुपेट्टईच्या जुन्या बाजारात शोधावे लागतात, नाहीतर लेथवर घडवून घ्यावे लागतात. परदेशी व्हॅनचं गणित आणखी वेगळं. फोक्सवॅगनची 1950 मध्ये सुरू झालेली टाइप 2 ब्राझीलमध्ये 2013 पर्यंत बनत होती, त्यामुळे तिचे पार्ट जगात भरपूर आहेत. पण आयात शुल्क आणि वाहतूक धरून ते इथे येतात.

खरी टंचाई पार्टची नाही, हातांची आहे. प्लग-पॉइंट बसवणारा, कानाने टायमिंग जुळवणारा, कार्बोरेटरची जेट ओळखणारा मिस्त्री आता साठीच्या आसपास पोहोचला आहे. गाडी घेण्याआधी असा माणूस शोधावा. तो सापडला, की पार्ट कुठून आणायचे हेही त्यालाच ठाऊक असतं.

गैरसमज : इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं इंजिन लगेच बसतं

पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने इंजिन एका टाकीत बसत नाही. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि गॅस्केट हळूहळू खराब करतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळाभर गाडी उभी ठेवली, तर टाकीत पाणी खाली बसून गंज धरू शकतो. उपाय साधे आहेत. इंधनाच्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या बसवाव्यात, फिल्टर वेळेत बदलावा आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. लिटरमागे किलोमीटरही थोडे कमी पडतात. निती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात अशा जुन्या बनावटीच्या चारचाकींसाठी ही घट 6 ते 7 टक्के धरली होती. डिझेल मॅटाडोरवाल्याला या सगळ्याची काळजी नाही.

चंद्रपूरचा उन्हाळा त्याहून मोठा शत्रू आहे. पारा 45 अंशांच्या पुढे गेला, की कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ होते आणि गाडी बंद पडते. जुने चालक पंपावर ओलं फडकं टाकून ती सुरू करत. पहाटे निघून दुपारी सावलीत थांबणं हा त्याहून बरा मार्ग.

गैरसमज : डिझेल गाडी पाण्यातून निघते

भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. जोराचा पाऊस झाला, की पुलावरून पाणी जातं आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. डिझेल इंजिनला प्लग नसतो, म्हणून ते पाण्यात बंद पडत नाही, हा समज तिथेच घात करतो. पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलं, की पिस्टन ते दाबू शकत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. डिझेलमध्ये दाब जास्त, म्हणून नुकसानही जास्त. शिवाय वाहतं पाणी दोन फूट झालं, तरी ते बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकतं. पुलावर पाणी असेल तर थांबावं, आणि जुलै ते सप्टेंबर या मार्गावर जाण्याचा हट्टच धरू नये.

गैरसमज : जंगलात कुठेही गाडी लावून मुक्काम करता येतो

गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाचा आहे, पण त्यातला कुठलाही तुकडा बेवारस नाही. आरक्षित वनात परवानगीशिवाय शिरणं आणि आग पेटवणं भारतीय वन अधिनियम 1927 नुसार गुन्हा आहे. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 लागू होतो. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात तर स्वतःची गाडी नेताच येत नाही. नोंदणी केलेली जिप्सी आणि गाइड घ्यावा लागतो, आणि पावसाळ्यात ते क्षेत्र बंद असतं. बाकीच्या जंगलावर अनेक ठिकाणी ग्रामसभांचा हक्क आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातल्या पहिल्यांपैकी एक.

म्हणून मुक्काम गावाच्या आवारात, विचारून आणि शक्य असेल तर वनविभागाच्या विश्रामगृहात करावा. वाघाचा वावर असलेल्या भागात संध्याकाळनंतर गाडीबाहेर फिरू नये. या पट्ट्यात पोलिसांची तपासणी नित्याची आहे, तेव्हा आरसी, विमा आणि पीयूसी हाताशी ठेवावं.

व्यवहाराचे पैसे देण्याआधी चार गोष्टी पाहून घ्याव्यात. सांगाड्यावरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर एकच आहे का, बँकेचा बोजा उतरला आहे का, गाडी व्यावसायिक असेल तर ती खासगी करून मिळते का, आणि ती तेलंगण किंवा छत्तीसगडची असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र व इथला कर धरून किंमत किती पडते. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर विकणारा टाळत असेल, तर ती गाडी कितीही देखणी असली तरी घेऊ नये.